आधी गुन्हा सिद्ध कर

मे महिन्यात भोपाळमध्ये दुपारी गाडी बंद पडली की मदतीला सगळे येतात आणि सगळ्यांचं निदान एकच असतं. मिनाल गेटजवळ मामांची मारुती ८०० खोकून थांबली तेव्हा रसवाला, रिक्षावाला आणि एक स्कूटरवाले काका, तिघेही एका सुरात म्हणाले, "पंप गया." रिक्षावाल्यानं ओलं फडकं आणून पंपावर टाकलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि आम्ही कसेबसे अयोध्या नगरात घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा पंप आणायला निघालो, तर मामांनी गाडीची किल्ली खिशात घातली. "कायले घाई करतं रे? आधी गुन्हा सिद्ध कर. मग फाशी दे."

मामा १९७८ साली नागपूरहून भेलमध्ये फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. पाण्यावरच्या टर्बाइनचे भाग मायक्रोमीटरनं मोजण्यात नोकरी गेली, त्यामुळे 'बहुतेक' हा शब्द त्यांना चालत नाही. गाडी १९९६ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच संपली. पुढच्या पाच-पाच वर्षांसाठी ती पुन्हा पुन्हा करून घेतलेली.

आजच्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडालेला असतो, विजेवर चालतो आणि गेला की मागची सीट उचलून किंवा टाकी उतरवून अख्खा बदलतात. मारुती ८००च्या जुन्या इंजिनात तो सिलिंडर हेडच्या बाजूला उघडा बसलेला दिसतो. मुठीएवढा. आत कापडावर रबर चढवलेला एक पडदा, त्याच्याखाली स्प्रिंग आणि एकाच दिशेला उघडणाऱ्या दोन झडपा. कॅमशाफ्टचा उंचवटा एका छोट्या दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला खाली ओढते, टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. उंचवटा पुढे गेला की स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. गंमत अशी की पेट्रोलवरचा दाब इंजिन ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. कार्ब्युरेटरची वाटी भरली की तिची सुई बंद होते, पडदा खालीच अडकून राहतो आणि कॅम नुसताच फिरत राहतो. कसलाही सेन्सर नाही, तरी हवं तेवढंच पेट्रोल. मला हे यंत्र फार शहाणं वाटतं.

तर खटला सुरू झाला. पहिला संशयित टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही धडधाकट असला तरी त्याला पेट्रोल ओढवत नाही. झाकण उघडलं, हवा आत शिरल्याचा आवाज नाही. निर्दोष. दुसरा फिल्टर. तो काळवंडला होता म्हणून बदलला, पण खोकला तसाच. तिसरी, टाकीकडून येणारी रबरी नळी. ही सगळ्यांत लबाड. दाबाच्या बाजूची नळी फुटली तर पेट्रोल गळतं आणि वासानं चोर सापडतो. ओढीच्या बाजूची नळी तडकली तर गळत काहीच नाही, ती गुपचूप हवा आत घेते आणि आळ पंपावर येतो. मामांनी नळी बोटांत वाकवून पाहिली. टोकाशी केसाएवढ्या चिरा होत्या. मी विजयी मुद्रेनं पाहिलं. "संशय आहे," मामा म्हणाले, "पुरावा नाही."

पुरावा त्यांनी असा काढला. गाडी अंगणात उघड्यावर आणली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये. मामींना देवघरातली उदबत्ती लांबवायला सांगितलं, शेजारी वाळूची बादली ठेवली. इग्निशन कॉइलची तार काढली, म्हणजे ठिणगी पडायला नको. मग पंपाची टाकीकडची नळी सोडून तिथे नवी आखूड नळी लावली आणि तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या डब्यात बुडवलं. टाकी, फिल्टर, जुनी नळी असे सगळे साक्षीदार आता कोर्टाबाहेर. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून रिकाम्या डब्यात सोडली. "मार सेल्फ."

चांगला पंप इंजिनाच्या तालावर पिचकाऱ्या मारतो. आमच्याकडे एक पिचकारी आली, मग अर्धी, मग नुसती ठिबक.

"आता आण पंप," मामा म्हणाले. सव्वाअकरा वाजले होते. निदानाला तीन तास लागले. पुढचं काम वीस मिनिटांचं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

बॅटरीचा निगेटिव्ह सोडला. पंपाला तीन नळ्या: एक टाकीकडून येणारी, एक कार्ब्युरेटरकडे जाणारी आणि तिसरी जास्तीचं पेट्रोल व वाफ टाकीत परत नेणारी. तिन्हींवर रंगीत दोरे बांधले, येणाऱ्या नळीच्या तोंडात आठचा बोल्ट खुपसला. दोन बोल्ट काढल्यावर पंप हातात आला आणि त्याच्यामागची दांडी सुळकन घसरून थेट मामांच्या तळहातावर. त्यांनी हात आधीच खाली धरला होता. पंप आणि हेड यांच्यामध्ये एक जाड तुकडा असतो, इंजिनाची धग पंपापर्यंत पोहोचू नये म्हणून, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट. जुनं गॅस्केट खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकात फडकं कोंबलं.

नवा पंप मात्र बसेना. हेडपासून बोटभर वर राहायचा. मी लांब बोल्ट घेऊन ते पान्यानं आवळायला लागलो आणि मामांनी माझं मनगट धरलं. कॅमचा उंचवटा नेमका दांडीखाली होता, दांडी बाहेर आलेली. तसंच आवळलं असतं तर गॅस्केट तिरपं दाबलं गेलं असतं, नाहीतर पंपाचा कान तुटला असता. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून मी मागून हळूच ढकलली. मामांचं बोट दांडीवर. "अजून. अजून. बस." दांडी आत गेली, पंप हातानं सपाट बसला. नळ्या नव्या, पेट्रोलसाठीच्या घातल्या. ती पारदर्शक स्वस्त ट्यूब काही महिन्यांत काडीसारखी कडक होते.

जेवणानंतर मामांनी जुन्या पंपाचे स्क्रू काढले. पडदा मधोमध कडक आणि काठाशी फुगलेला, एका बाजूला नखाएवढी चीर. तीस वर्षं गाडी तीच राहिली, पेट्रोल मात्र बदलत गेलं. ही गाडी शिशाच्या पेट्रोलवरही चालली आहे. ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. मग इथेनॉल आलं, २०२२पर्यंत दहा टक्के, आणि आता वीस. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला फुगवतं, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून सगळा दोष, ज्याचं इथेनॉल होतं त्या आमच्याच कोल्हापूर-नगरच्या उसावर टाकावा का? मी टाकणार नाही. तीस वर्षांच्या रबरानं एवढी मजल मारली हेच पुष्कळ. पण नव्या इंधनाला चालेल असा पडदा आहे का, असं मी दुकानात विचारलं तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे 'हा कुठून आला' अशा नजरेनं पाहिलं, हेही खरं.

संध्याकाळी गाडी अयोध्या बायपासवर तिसऱ्या गिअरमध्ये न खोकता चढली. मी खूश. मामांनी घरी येताच बॉनेट उघडलं, ऑइलची डिपस्टिक काढली आणि नाकाशी धरली. पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि वास पेट्रोलचा. पडद्याच्या चिरेतून पेट्रोल इतके दिवस इंजिनात उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. हे सकाळीच पाहिलं असतं तर तीन तासांचा खटला एका वासात निकालात निघाला असता. मामांनी ते मान्य केलं, पण हळू आवाजात.

असला पंप तुमच्याकडे असेल तर आधी डिपस्टिक हुंगून पाहा, आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी फिरवू नका.