वसाहतीची सोसायटी : फाटक हवे की ग्रामपंचायतीचा रस्ता?

उपविधींवर लिहायचे मागच्या आठवड्यात कबूल केले होते. ते या खेपेला राहू द्यावे लागेल, कारण कशेळ्याहून आलेल्या एका पत्राने सदराची दिशाच बदलली. पत्रलेखकाच्या वसाहतीत सभा झाली, मुख्य प्रवर्तक निवडून झाला, वर्गणीही जमली. अडले ते दोन गोष्टींवर. पावसाळ्यात उखडलेला आतला रस्ता दुरुस्त करायला ग्रामपंचायत तयार नाही. आणि चार-पाच प्लॉटवाले सोसायटीत यायलाच तयार नाहीत. सोसायटी नोंदवल्यावर हे दोन्ही प्रश्न सुटतील का, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

आपोआप सुटणार नाहीत. पहिला प्रश्न तर नोंदणीच्या आधीच हाती घ्यायला हवा.

कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे गाव. भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडसकडे आणि कोथळीगडाखालच्या आंबिवलीकडे जाणारे इथूनच वळतात. भिवपुरीच्या १९२२ सालच्या टाटा वीजघरातून सुटणारे पाणी पेज नदीला मिळते, म्हणून भर उन्हाळ्यातही नदी वाहती दिसते. मुंबई-ठाण्याच्या माणसाला शनिवार-रविवारपुरते घर बांधायला याहून वेगळे काय हवे? जमीन बिनशेती झाली, लेआउट मंजूर झाला, प्लॉट पडले. विकणाऱ्याने कमान, फाटक, डांबरी रस्ता, बोअर आणि बाग असे सगळे सांगितले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखते झाली, सातबाऱ्यावर एकेकाची नावे चढली आणि विकणारा पुढच्या गावाला गेला.

प्लॉटच्या सातबाऱ्यावर प्लॉटवाल्याचे नाव असते. रस्त्याच्या सातबाऱ्यावर कोणाचे? बहुतेक जुन्या लेआउटमध्ये तिथे अजून मूळ जमीनमालकाचेच नाव सापडते. प्लॉटवाल्यांच्या खरेदीखतात रस्ता वापरण्याचा हक्क दिलेला असतो, रस्ता दिलेला नसतो. तो मालक वारला की वारसनोंद होते आणि वसाहतीचा रस्ता कधी कशेळ्यात न आलेल्या तिघा-चौघांच्या नावावर जातो. खुल्या जागेचीही हीच तऱ्हा. वसाहतीची बैठक सुरू होते ती रखवालदाराच्या पगारावरून. रस्त्याचा सातबारा काढून पाहणारा शंभरात एखादाच.

घरे आधी आणि सोसायटी मागाहून, हा प्रकार कायद्याला नवा नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थेची व्याख्या कलम २ (१६) मध्ये आहे आणि तिचे दोन भाग आहेत. सभासदांना प्लॉट किंवा घरे मिळवून देणे हा पहिला. दुसरा भाग नेमका कशेळ्यासाठी लिहिल्यासारखा : प्लॉट वा घरे आधीच घेतलेली असतील, तर सभासदांना सामाईक सोयी-सुविधा पुरवणे. म्हणजे ‘आमची घरे तर झाली, आता सोसायटी कशी होईल’ ही शंका मनातून काढून टाकावी. पण मग सामाईक म्हणून सोसायटीच्या हातात काय आहे, हा प्रश्न लगेच समोर येतो. रस्ता नाही, खुली जागा नाही, बोअर एकाच्या प्लॉटात. अशा सोसायटीकडे लेटरहेड आणि बँकेतले खाते यापलीकडे फारसे काही उरत नाही.

आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात बरोबर उलट्या टोकाने झाली होती. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी होते. ताडदेवच्या तालमकीवाडीला नाव आहे ते त्यांचेच. इंग्लंडमधल्या भाडेकरूंच्या सहभागीदारी संस्थांचा नमुना त्यांच्यापुढे होता. जमीन संस्थेची, इमारत संस्थेची, सभासद एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. तिथे जिना कोणाचा, अंगण कोणाचे, असा वाद निघायला जागाच नव्हती. कशेळ्यात सगळी घरे वेगवेगळी, सगळी खासगी, आणि त्यांना जोडणारी पट्टी मात्र तिसऱ्याच माणसाची.

ही पट्टी संस्थेच्या नावावर करून द्यायला कायदा विकणाऱ्याला भाग पाडत नाही का? प्लॉटच्या नव्हे, फ्लॅटच्या बाबतीत पाडतो. १९६३ चा सदनिकांच्या मालकीचा कायदा, ‘मोफा’, आहे, आणि बिल्डरने टाळाटाळ केली तर मानीव अभिहस्तांतरणाची सोयही त्यात २००८ पासून झाली. पण त्या कायद्यातली सदनिका म्हणजे बांधलेली, स्वयंपूर्ण जागा. नुसता मोकळा प्लॉट विकणारा त्याच्या कचाट्यात सहज सापडत नाही. स्थावर मालमत्तेच्या ‘रेरा’ कायद्याने प्लॉटच्या योजनाही आपल्या कक्षेत घेतल्या, आणि त्याच्या कलम १७ प्रमाणे सामाईक जागा खरेदीदारांच्या संघटनेच्या नावे करून द्याव्या लागतात. मात्र रेरा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ रोजी. ज्या लेआउटचे व्यवहार त्याच्या कितीतरी आधी आटोपले, ते या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडले. तिथे मूळ मालकाची किंवा त्याच्या वारसांची मनधरणी करून नोंदणीकृत दस्त करून घेणे हाच जवळचा रस्ता. ते अडून बसले तर दिवाणी न्यायालय, आणि तो लांबचा.

आता ग्रामपंचायत. घरपट्टी घेता तर रस्ता का करत नाही, असा प्लॉटवाल्यांचा सवाल असतो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते, नमुना २३. रस्ता तिच्यात चढला नसेल तर त्यावर पैसा घालायला ग्रामसेवक धजावणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. तो चढवायचा तर रस्त्याची जमीन ग्रामपंचायतीकडे रीतसर सोपवावी लागते. अशा बैठका इथेच फिसकटतात, कारण सोपवलेला रस्ता सार्वजनिक होतो. सार्वजनिक रस्त्यावर फाटक लावून रात्री कुलूप घालता येत नाही.

दोन्ही हवे असणारी माणसे प्रत्येक वसाहतीत भेटतात : डांबर पंचायतीचे, कुलूप आमचे.

शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्या दहा-वीस घरांना कोकणातल्या पावसात दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या खिशातून रस्ता करणे परवडेल का, याचा हिशेब कागदावर मांडावा. बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा मुख्य रस्ता ग्रामपंचायतीला द्यावा, फाटकाचा हट्ट सोडावा आणि बोअर, दिवे, खुली जागा एवढे सोसायटीकडे ठेवावे, हे शहाणपणाचे. खुल्या जागेबद्दल बिनशेती आदेशात काही अट घातली आहे का, ते मात्र आधी वाचावे. फाटकाला दुसरीही एक बाजू आहे, ती प्लॉटवाल्यांच्या ध्यानात येत नाही. लेआउट पडण्याआधी त्याच जमिनीतून एखाद्या ठाकूरवाडीची किंवा कातकरीवाडीची पायवाट जात असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांची उघड, अखंड, हक्काने चाललेली वहिवाट कुंपणाने बुजवता येत नाही.

राहिले न येणारे चार-पाच. सोसायटीने पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, तसेच कोणाला ओढूनही आणता येत नाही. सभासदाची थकबाकी वसुलीच्या दाखल्याने जमीन महसुलासारखी वसूल होते. सभासदच नसलेल्यावर हे हत्यार चालत नाही. अमेरिकेत घरमालकांच्या संघटना इतक्या जोरदार दिसतात, कारण तिथे बहुधा पहिला प्लॉट विकण्याआधीच अटी दस्तात घातलेल्या असतात आणि त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातात. या विचाराचे मूळ लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आहे. तिथली बाग टल्क नावाच्या मालकाने १८०८ साली विकली, ती बागच राहील या अटीवर. पुढे ती मॉक्सहे याच्या हाती आली आणि त्याने बांधकामाचा घाट घातला. अट ठाऊक असताना घेतली, तर अट पाळावीही लागेल, असे १८४८ मध्ये न्यायालयाने त्याला सुनावले. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० मध्ये याच तत्त्वाचा अंश आहे. पण आधी वसलेल्या वस्तीत, अमेरिकेतसुद्धा, ज्याने सही केली नाही तो सहसा बांधला जात नाही.

म्हणून कशेळ्याच्या मंडळींनी या चार-पाच जणांच्या मागे न लागता आधी कागद जमवावेत : रस्त्याच्या आणि खुल्या जागेच्या गट क्रमांकांचे सातबारे, त्यांवरचे फेरफार, बिनशेती आदेशाची नक्कल आणि मंजूर लेआउटचा नकाशा. मोजणीसाठी कर्जतचे भूमी अभिलेख कार्यालय. हे हाती आले की सहाय्यक निबंधकाकडे प्रस्ताव घेऊन जाताना बोलायला काही असेल. प्रस्तावावर दोन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. शिवाय रस्ता पंचायतीकडे गेला आणि रात्री दिवे लागले, की न येणाऱ्यांपैकी एक-दोघे स्वतःहून अर्ज मागायला येतात.

ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून शेतीच आहे आणि ‘फार्महाऊस प्लॉट’ दहा-पंधरा जणांच्या सामाईक नावाने आहे, त्यांची गोष्ट निराळी आणि जास्त अवघड. पुढचा लेख त्यांच्यासाठी. उपविधी त्यामुळे आणखी एक आठवडा पुढे जातील.