फौज लंडनला पोचली की नाही?

अमेरिकेच्या अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ साली ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ पदरमोड करून छापला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, फासा नाही. सगळे जण हुकूम गुपचूप कागदावर लिहितात आणि ते एकदमच उघडतात. नशिबाला जागाच नसल्याने निकाल केवळ नियमांतून निघायला हवा. मूळ नियमांतून एका ठिकाणी तो निघत नाही, आणि नियमांवरचे वाद कसे सोडवावेत हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रत्येक फौजेची किंवा आरमाराची ताकद एक. शेजाऱ्याने पाठिंबा दिला की दोन. पाठिंबा देणाऱ्यावर दुसऱ्या कुणी चाल केली तर पाठिंबा तुटतो, ती चाल फसली तरीही. फौजेला समुद्र ओलांडायचा असेल तर मधलं आरमार तिला नेतं. ते हुसकलं गेलं की फौज जागच्या जागी.

आता पट मांडू. फ्रान्सची फौज ब्रेस्टला आहे आणि इंग्लिश खाडीतलं त्याचं आरमार तिला लंडनवर नेतंय. इंग्लंडचं आरमार वेल्समधून खाडीवर चाल करतंय, लंडनमधलं आरमार त्याला पाठिंबा देतंय. फौज पोचली, म्हणजे तिची चाल लंडनवर झाली, असं धरा: लंडनचा पाठिंबा तुटला, वेल्सची ताकद एकच उरली, फ्रेंच आरमार टिकलं, म्हणून फौज पोचली. पोचली नाही असं धरा: पाठिंबा शाबूत, दोनास एक, फ्रेंच आरमार हुसकलं, म्हणून फौज पोचली नाही. दोन्ही निकाल नियमात बसतात.

यात जर्मनीला आणा. त्याचं बेल्जियममधलं आरमारही उत्तर समुद्रातल्या आरमाराच्या पाठिंब्याने खाडीवर येतंय. फौज पोचली, तर लंडनचा पाठिंबा तुटतो, जर्मनी दोनच्या ताकदीने घुसतो, फ्रेंच आरमार हुसकलं जातं, म्हणजे फौज पोचत नाही. पोचली नाही, तर वेल्स आणि बेल्जियम दोनास दोन अडतात, फ्रेंच आरमार जागेवर राहतं, म्हणजे फौज पोचते! याला पँडिनचा विरोधाभास म्हणतात.

हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं. पहिल्या पेचात दोन उत्तरं आहेत, त्यातलं एक निवडता येतं. दुसऱ्यात एकही नाही; ते नियम कितीदाही वाचा, नवा नियमच करावा लागतो.

सायमन झिकमन यांनी सुचवलेला नियम असा: पेचातली फौज हललीच नाही असं धरायचं, तिचा कशावरही परिणाम नाही. मग पहिल्या पटावर फ्रेंच आरमार हुसकलं जातं. दुसऱ्यावर दोन्ही चढाया अडतात आणि ते टिकतं. दुसरी एक पद्धत पेचातल्या सगळ्याच चाली थांबवते. तिच्यात पहिल्या पटावरचं आरमारही वाचतं. मला झिकमनची पद्धत पटते, कारण चक्र त्या फौजेपासूनच सुरू होतं आणि तेवढंच तोडलं जातं.

तरी दोन पद्धती दोन निकाल देतात, म्हणून निवड हुकूम उघडण्याआधी व्हायला हवी. कागद उघडले की प्रत्येकाला आपला फायदा कळलेला असतो. १९६३ पासून हा खेळ टपालाने खेळला जाऊ लागला. तिथे एकच पंच निकाल देई, म्हणून त्याचे नियम आधी कळणं गरजेचं होतं. समोरासमोर खेळताना तटस्थ कुणीच नसतो: लांबच्या तुर्कस्तानचाही कुणाशी तरी तह असतो. वाद डाव रंगात आल्यावर निघालाच, तर त्या लढाईत नसलेल्यांनी ठरवावं, आणि तो निर्णय डाव संपेपर्यंत बदलू नये. मग तो खोक्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी फ्रान्स दुसऱ्या कुणाकडे असेल.