सुका कचरा पुढे कोठे जातो?

'ओला व सुका कचरा वेगळा ठेवा' हे वाक्य आज पुष्कळ शाळांच्या भिंतींवर लिहिलेले दिसते. तो वेगळा का ठेवावयाचा, हे उमगल्यावाचून मात्र हे वाक्य मुलांना निव्वळ आज्ञा वाटते. याकरिता कचरा हस्तांतरण व वर्गीकरण केंद्राचे काम शिक्षकांना ठाऊक असणे इष्ट आहे.

शहरात गल्लोगल्ली फिरणाऱ्या लहान गाड्या आपला कचरा हस्तांतरण केंद्रावर आणतात. पुढे न्यावयाचा कचरा तेथे दाबून मोठ्या वाहनात भरतात. त्यामुळे लांबच्या खेपा व इंधन वाचते. सुका कचरा वर्गीकरणासाठी निराळा काढतात. तेथे तो पसरून हातांनी निवडला जातो आणि हे काम बहुधा स्त्रियाच करतात. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. प्रत्येक पदार्थाचे गिऱ्हाईक निराळे व पुढील वाटही निराळी, हे त्या नावावरूनच ध्यानात येते.

कागद : रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात व त्यापासून नवा कागद बनवितात. दर खेपेस तंतू आखूड होत असल्याने हे साधारणतः पाच ते सात वेळाच साधते. तंतूंत मुरलेले तेल पाण्याने सुटत नाही. म्हणून भज्यांचा कागद रद्दीत गेल्यास चांगल्या रद्दीचाही दर्जा उतरतो.

काच : काच रंगवार निवडून, चुरा करून सुमारे १५०० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत वितळवितात. ती पुनःपुन्हा वितळविली तरी तिचा गुण कमी होत नाही. परंतु चिनी मातीच्या कपाचा तुकडा त्या भट्टीत वितळत नाही. तो नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो व बाटली तेथेच तडकते.

धातू : लोखंड चुंबकाने सहज निघते. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, म्हणून ते हाताने वा विशेष यंत्राने निवडावे लागते. हे श्रम वाया जात नाहीत. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत भंगार वितळविता येते.

प्लास्टिक : प्लास्टिकचे अनेक प्रकार आहेत, वस्तूच्या तळाशी त्रिकोणात असलेला अंक प्रकार दर्शवितो. निवडलेले प्लास्टिक धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा दाणा पाडतात. खाऊच्या चकचकीत वेष्टनांत प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. त्यामुळे अशी वेष्टने पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

ओला कचरा : स्वतंत्र ठेवल्यास याचे खत किंवा इंधनवायू होतो. इतर केराखाली दडपला गेल्यास हवेच्या अभावी त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. अशा ढिगाऱ्यांना आगी लागतात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारच्या कचराभूमीस लागलेल्या आगीच्या धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

या सर्व कामाचे यश घरातील व शाळेतील डब्यापाशीच ठरते. उष्ट्या आमटीने भिजलेली रद्दी कोणतेही केंद्र पूर्ववत करू शकत नाही. शिवाय मिसळलेल्या कचऱ्यातील फुटकी काच, पाते किंवा सुई निवडणाऱ्या स्त्रीच्याच हातात घुसते. अशा वस्तू जाड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळ्या द्याव्यात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरीच करण्यास सांगितले होते.

शाळेत हा पाठ कृतीतून देता येईल. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा शिक्षकांनी कापून द्यावा. तो व बाटलीचे झाकण बादलीतील पाण्यात पूर्ण बुडवून सोडण्यास मुलांस सांगावे. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटू देऊ नये. तुकडा तळाशी जातो, झाकण तरंगते. कारखान्यातही याच गुणावरून दोन्ही वेगळे करतात. चुंबकाने खिळा व ॲल्युमिनियमचा डबा पारखून पाहावा. पटांगणात केर जाळण्याची प्रथा असल्यास ती बंद करावी, कारण प्लास्टिकचा धूर मुलांच्याच श्वासात जातो. त्याऐवजी पाल्यापाचोळ्यासाठी एक खड्डा व सुक्या कचऱ्यासाठी एक पोते ठेवावे. पोत्यात काय काय जमले याची नोंद दर शनिवारी मुलांनी वहीत करावी.