यंत्रमानवाची मर्यादित आवृत्ति

‘रोबो’ हा शब्द आतां मराठी घरांत चांगला रुळला आहे. पण त्याचा मूळ अर्थ सहसा कोणी विचारीत नाहीं. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकांतून तो जगभर गेला, आणि तो निघाला चेक भाषेंतील ‘रोबोता’ या शब्दापासून. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. आजच्या पालघर जिल्ह्यांत, तलासरी तालुक्यांत, झरी नांवाचें गांव आहे. तेथें २३ मे १९४५ रोजीं किसान सभेच्या परिषदेस हजारों वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं जमीनदारांची वेठ यापुढें करावयाची नाहीं असा निर्धार केला. वेठ म्हणजे काय हें झरीच्या माणसास कोशांत पाहावें लागत नाहीं. त्याच वेठीचें नांव धारण करणारा वीतभर पुतळा आज मुलें, आणि मुलांहून अधिक त्यांचे वडील, हौसेनें विकत घेऊन जोडीत बसतात.

या पुतळ्यांत अग्रमान जपानच्या बांदाई कंपनीच्या ‘गंडम’चा. काटेकोरपणें पाहिलें तर हा रोबो नव्हेच, कारण त्याच्या पोटांत बसून त्याला माणूस चालवितो. परंतु लोकव्यवहार शब्दांची इतकी चौकशी करीत नाहीं. ‘मोबाइल सूट गंडम’ ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर ७ एप्रिल १९७९ रोजीं सुरू झाली. प्रेक्षक थोडे म्हणून ५२ भागांची योजना ४३ भागांतच आटोपली. पहिली जुळणीची पेटी आली ती मालिका संपल्यानंतर, जुलै १९८० मध्यें. किंमत ३०० येन. कथेंतील यंत्र १८ मीटर उंच. १/१४४ या प्रमाणानें तें साडेबारा सेंटिमीटर भरतें, १/१०० नें अठरा, आणि १/६० नें तीस. त्या पहिल्या पेटीस गोंद लागे आणि रंगहि आपणच द्यावा लागे. आजच्या पेटींत भाग निरनिराळ्या रंगांच्या प्लास्टिकांतच ओतलेले असतात, आणि खुंटी भोंकांत बसवून सांधा होतो.

वितळलेलें प्लास्टिक दाबानें पोलादी सांच्यांत शिरतें. तें ज्या वाटांनीं वाहिलें त्या वाटाहि थिजून भागांभोंवतीं चौकटीसारख्या राहतात. प्रत्येक भाग या चौकटीस बारीक देंठानें चिकटलेला असतो. येथेंच नवशिक्याची फसगत होते. तो भाग हातानें पिळून काढतो, किंवा एकाच कापांत देंठ भागालगत उडवितो. प्लास्टिकवर ताण पडून तेथें पांढरा डाग उमटतो, आणि गडद रंगावर तो जन्मभर दिसतो. खरी रीत दोन कापांची. पहिला काप भागापासून दूर, म्हणजे चौकटीचा ताण सुटतो. मग उरलेला देंठ हळूच, आणि शेवटीं बारीक कानस व घासकागद. आंबा देंठासकट उतरवून मग चीक काढावा, तसेंच हें.

आतां मर्यादित आवृत्तीविषयीं. तिच्या नांवांतच एक भुरळ आहे, म्हणून तेथें डोळे उघडे ठेवावे. बहुतेक वेळां तिचे सांचे नेहमींच्याच पेटीचे असतात. बदलतो तो रंग, चिन्हांचा कागद, कधीं एखादें शस्त्र. सांगाडा जुना असेल तर कोपराचा वांक आणि गुडघ्याची पकडहि जुनीच. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं मूळ पेटी कशी आहे हें पाहावें. पारदर्शक प्लास्टिकची आवृत्ति दिसावयास मोहक, पण हें प्लास्टिक ठिसूळ. खुंटी जोरानें दाबल्यास तडा जातो. मुलामा दिलेल्या भागांची अडचण निराळी: देंठ कापला कीं मुलामा तेवढ्यापुरता उडतो आणि आंतलें प्लास्टिक उघडें पडतें. म्हणून चांगल्या पेटींत देंठ भागाच्या खालच्या, झांकल्या जाणाऱ्या बाजूस काढलेला असतो. एवढी एक गोष्ट पाहिली तरी कारखान्यानें मन घातलें आहे कीं केवळ किंमत वाढविली आहे, हें कळून येतें.

जुळून झाल्यावर परीक्षा कशी करावी? पुतळा एका पायावर उभा करावा. हातांत त्याचें सर्वांत जड शस्त्र द्यावें आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं खांदा खालीं आला असेल तर सांधा सैल. दंडाच्या दोन अर्ध्या भागांमधील शिवण समोर दिसते कीं कोठल्या खांचेंत लपविली आहे, रंग प्लास्टिकचाच आहे कीं चिकटवलेल्या कागदाचा, हेंहि पाहावें. पेटीवरील चित्र मात्र पुराव्यांत धरूं नये.

एक प्रश्न घरांघरांत वाद उत्पन्न करतो. मर्यादित पेटी न उघडतां ठेवली तर पुढें तिला अधिक दाम मिळूं शकतो. जोडली कीं तो घटतो. हा हिशेब खोटा नाहीं, पण ज्याला तो करावयाचा आहे त्यानें दुसरें कांहीं विकत घ्यावें. न जोडलेल्या पेटीची परीक्षाच होत नाहीं. जोडतांना मात्र जोखीम खरी असते: मोडलेला भाग पुन्हां मिळेलच असें नाहीं, कारण त्या रंगाचें उत्पादन बंद झालेलें असूं शकतें. यास्तव पेटी उघडल्यावर पहिलें काम कापण्याचें नव्हे, तर सूचनापत्रिकेशीं सर्व चौकटी ताडून पाहण्याचें.

शेवटचा हात असतो वरून मंद रोगणाच्या फवाऱ्याचा. डहाणू-तलासरीच्या किनारपट्टीसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यांत तो दिला कीं हवेंतील ओल रोगणांत अडकून पुतळ्यावर पांढुरकें सावट येतें, आणि महिन्याभराची मेहनत क्षणांत धुरकट होते. मुलामा दिलेल्या किंवा पारदर्शक भागांवर तो देऊंच नये. इतरांवर द्यावयाचाच तर दिवाळीनंतरचा कोरडा दिवस पाहावा, आणि मग पुतळा खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये. पांढरें प्लास्टिक उन्हानें पिवळें पडतें.