खोक्यावरचे किलोमीटर आणि डोंगरातली वाट

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढताना मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवून चालत नाही. बेलपाड्याहून निघालेला गट त्या चिंचोळ्या घळीत शिरला, की लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, एका वळणापुढे आणि स्वीप, म्हणजे सगळ्यात मागचा, दोन वळणं मागे अशी स्थिती होते. वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड सुटला, तर त्याची आरोळी खालच्यांपर्यंत पोचेलच असं नाही. पोचली तरी कोणत्या बाजूला सरकायचं, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून जाणते गट पुढे-मागे एकेक वॉकीटॉकी ठेवतात. 'वरचा टप्पा मोकळा झाला' असा निरोप आला, मगच खालचे पाऊल उचलतात.

पण कोणता वॉकीटॉकी? बाजारात शोधायला बसलं, की खोक्यावर ठळक दिसतात ते किलोमीटर. कुठे ५, कुठे १०, कुठे त्याहून कितीतरी जास्त. खरेदीची सुरुवात या आकड्यापासून करणं ही सगळ्यात मोठी चूक.

या संचांचे तरंग साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाईही आडवी येते. सपाट, मोकळ्या मैदानात दीड मीटर उंचीवर संच धरलेल्या दोन माणसांमध्ये रेडिओचं क्षितिज जेमतेम १० किलोमीटरचं असतं. झाडं, इमारती आल्या की प्रत्यक्षातलं अंतर झपाट्याने घटतं. याउलट १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरून, समुद्रसपाटीच्या हिशेबाने, हेच क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पलीकडे जातं. संच तोच, बॅटरी तीच, बदलली ती फक्त जागा. ताकद वाढवूनही यातून सुटका नाही. अर्ध्या वॉटऐवजी ५ वॉट, म्हणजे दहापट शक्ती लावली, तरी अगदी मोकळ्या जागेत अंतर वाढतं सव्वातीन पटीपेक्षाही कमी. मध्ये कातळाची सोंड असेल तर तेवढाही फायदा हाती लागत नाही. नळीच्या वाटेत दोन संचांपेक्षा तीन संच बरे ते यासाठीच. वळणावर उभा असलेला तिसरा माणूस निरोप पुढे देतो आणि ते काम कुठलाही जादा वॉट करू शकत नाही.

यानंतर येतो प्रकारांचा प्रश्न. भारतात सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला कमी शक्तीचा संच. तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर, म्हणून तळहाताएवढी अँटेनाही त्याला पुरते. युरोपात हाच पट्टा पीएमआर ४४६ या नावाने अर्ध्या वॉटच्या मर्यादेत चालतो. ट्रेक, सोसायटीचा कार्यक्रम, गणेशोत्सवाचा मांडव, शेतावरची दोन टोकं एवढ्या कामांना हा प्रकार योग्य आणि पुरेसा आहे.

सिटिझन बँडही ५ वॉटपर्यंत परवानामुक्त आहे. मात्र २७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी तब्बल ११ मीटर होते, त्यामुळे हातातल्या आखूड अँटेनाला ती पेलत नाही. गाडीच्या टपावर लांब अँटेना लावली तर गोष्ट वेगळी.

मच्छीमार बोटींवर दिसतो तो मरीन व्हीएचएफ. संकटाची हाक द्यायची ती त्याच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर. समुद्रावर मध्ये डोंगर नसतो, म्हणून हा संच तिथे खुलतो. तो समुद्रासाठीच आहे, किल्ल्यांवर न्यायचा नाही. रेल्वेचे लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) वापरतात ते ५ वॉटचे व्हीएचएफ संच तर रेल्वेला मिळालेल्या फ्रिक्वेन्सीवर चालतात.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हे मात्र वेगळंच जग. वयाची १२ वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही परीक्षा देऊन परवाना घेता येतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातले निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवण्यात याच मंडळींचा मोठा वाटा होता. मोठ्या ट्रेकिंग संस्थांनी आपल्यातल्या दोघातिघांना ही परीक्षा द्यायला लावली, तर अडल्या वेळी त्याचा फार उपयोग होईल. धंद्यासाठी मात्र हा परवाना वापरता येत नाही.

अॅनालॉग की डिजिटल, यावर दुकानात बराच खल होतो. अॅनालॉगमध्ये अंतर वाढेल तशी खरखर वाढते, तरी कान लावून शब्द धरता येतात. डिजिटलचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. डोंगरात खरखर हीच धोक्याची सूचना असते, म्हणून तिथे अॅनालॉग बरा. 'प्रायव्हसी कोड' या शब्दालाही भुलू नये. त्या कोडमुळे इतरांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही एवढंच, आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवर कुणीही ऐकू शकतो. बटण दाबून बोलायची मोबाइल अॅप सोयीची खरी, पण नेटवर्क गेलं की तीही गेली.

कायद्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. अमेरिकेतून येणारे नातेवाईक हौसेने तिथल्या एफआरएस संचांची जोडी आणतात. ते संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे त्यांना परवाना लागत नाही, इथे मात्र ते परवानामुक्त पट्ट्यात बसत नाहीत. दोन-दोन बँडवर चालणारे, हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारे स्वस्त संचही तसेच. चुकून पोलिसांच्या किंवा बचावपथकाच्या चॅनेलवर बटण दाबलं गेलं, तर तेवढा वेळ त्यांचा निरोप अडतो. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा धाडल्या आणि मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

तेव्हा पावसाळी ट्रेकसाठी संच घेणार असाल, तर विक्रेत्याला आधी फ्रिक्वेन्सी विचारा, मग दूरसंचार विभागाच्या मंजुरीचा, म्हणजे ईटीएचा क्रमांक मागा. किलोमीटर सगळ्यात शेवटी. आणि निघण्याच्या आदल्या रविवारी एखाद्या टेकडीच्या दोन बाजूंना उभं राहून संचांवर एकदा बोलून पाहा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायला सुरुवात करा, नाहीतर पहिला शब्द पोचत नाही.