‘नाइस’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थविकास

राज्यातील शाळांतून इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जात आहे. ‘नाइस’ हे विशेषण मुलांच्या कानी फार लवकर पडते. आपण फळ्यावर ‘नाइस म्हणजे छान’ असे लिहितो, मुले ते पाठ करतात आणि शब्द शिकवून झाला असे आपण समजतो. हा शब्द खरोखरच इतका सरळ आहे काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ह्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्यास नकारार्थी ‘ने’ जोडून ‘नेस्कियुस’, म्हणजे ‘न जाणणारा, अज्ञ’, हा शब्द बनला. ‘सायन्स’ हा शब्दही ह्याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे ज्ञानवाचक ‘सायन्स’ आणि मुळात अज्ञानवाचक असलेला ‘नाइस’ ही एकाच कुळातील भावंडे होत!

जुन्या फ्रेंच भाषेत हा शब्द ‘मूर्ख’ ह्या अर्थाने रूढ होता. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले व त्यानंतर असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. इ. स. १३०० च्या सुमारास त्यांत ह्या शब्दाचीही भर पडली. चौदाव्या शतकातील कवी चॉसर ह्याच्या काव्यात तो ‘मूर्ख’ ह्या अर्थाने आढळतो. पुढे त्याचा अर्थ ‘भित्रा, बुजरा’ कडे, तेथून ‘चोखंदळ’ कडे आणि मग ‘नाजूक, काटेकोर, सूक्ष्म’ कडे सरकत गेला. ‘सुखद, चांगला’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. तो इतका पसरला की, जेन ऑस्टिन ह्या लेखिकेने ‘नॉर्थँगर ॲबी’ ह्या कादंबरीत, वाटेल त्या गोष्टीला ‘नाइस’ म्हणण्याच्या सवयीची एका पात्राच्या तोंडून थट्टा केली आहे.

तथापि जुना अर्थ सर्वस्वी लोपलेला नाही. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे ‘छान भेद’ नव्हे, तर ‘सूक्ष्म भेद’. एकच प्रतिशब्द पाठ केलेला विद्यार्थी पुढील इयत्तांत येथे हमखास अडखळतो.

असे अर्थांतर आपल्या भाषेतही घडले आहे. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग किंवा अनुराग; मराठीत तो क्रोध झाला. ‘शिक्षा’ म्हणजे मुळात शिकविणे, व हिंदीत आजही शिक्षणच. मराठीत मात्र ती दंड झाली. इ. स. २००९ च्या अधिनियमास हिंदीत ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात. केवळ मराठी अर्थ ठाऊक असलेल्या मुलास तो दंड करण्याचा अधिकार वाटेल! वस्तुतः त्याच अधिनियमाच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केलेली आहे.

तात्पर्य, शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही, की एका प्रतिशब्दावरूनही नाही. तो वाक्यातील सोबतीवरून ठरतो. ह्या दृष्टीने वर्गात पुढील गोष्टी करता येतील :

१. पहिली-दुसरीत ‘छान’ हा अर्थ पुरेसा आहे. तेथे व्युत्पत्तीचा भार मुलांवर घालू नये.

२. वरच्या इयत्तांत ‘नाइस मँगो’, ‘नाइस बॉय’, ‘नाइस वेदर’ असे शब्दप्रयोग देऊन प्रत्येकास निराळे मराठी विशेषण मुलांकडून काढून घ्यावे. गोड आंबा, गुणी मुलगा, आल्हाददायक हवा अशी उत्तरे मुले आपण होऊन देतील.

३. वहीवर केवळ ‘नाइस’ असा शेरा न देता ‘अक्षर वळणदार आहे’ किंवा ‘उदाहरणाची रीत अचूक आहे’ असे नेमके लिहावे. आपले काय साधले हे कळले, तरच मूल ते पुन्हा साधण्याचा यत्न करील.