झाडाला आवतण

परळीचा वैजनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने इथल्या लिंगात लपवले, अशी कथा बीड जिल्ह्यात आजही सांगतात. अमृता हे नाव मिरवणारी एक वेलही आहे, आपली गुळवेल. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची, असे आजीबाईंचे ठाम मत!

औषधी झाडाला हात लावण्यापूर्वी आवतण देण्याची जुनी रीत आहे. आदल्या संध्याकाळी झाडाशी जायचे, हळदकुंकू-अक्षता वाहायच्या, 'अमक्याच्या दुखण्यासाठी उद्या न्यायला येतो' म्हणायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. वनस्पती घेणाऱ्याने उपवास करावा, शुचिर्भूत होऊन पूर्वेला वा उत्तरेला तोंड करावे, असे चरकसंहितेतही आहे. शिवाय कोवळी पाने वर्षा-वसंतात, साल आणि कंद शरदात, असे हंगामही ठरलेले.

कुणी याला भाबडेपणा म्हणेल. मला यात चोख व्यवहार दिसतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल. रात्रभर थांबावे लागले की गरज खरी किती, याचा विचार होतो. अर्जुनसादड्याची साल एका बाजूने, बेताने काढली तर जखम भरते. खोडाभोवती गोल सोलली तर पानांतले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळते. गुळवेल त्याहून उदार. मध्येच कापली तरी वरचा भाग दोऱ्यांसारखी मुळे खाली सोडतो आणि पुन्हा माती गाठतो. आपण एवढेच करायचे, नेलेल्यातले एक कांडे पावसाळ्यात कुंपणाशी खोचायचे.

2020 च्या करोनाकाळात काढ्यासाठी गुळवेलीवर उड्या पडल्या. ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी जात असू शकेल, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो वाद तज्ज्ञांचा. पण जी वेल झाडावर चढलेली कधी पाहिली नाही, तिचा काढा रोज घशाखाली उतरवायचा? आवतण द्यायला निदान झाड ओळखावे लागते.

ही ओळख करून देणारी माणसे गावात अजून आहेत. मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. साल-कंद काढायच्या नेमक्या दिवसांत नातवंडे उसाच्या फडात आणि जाणती आजी गावात एकटी. कोणते झाड कोणत्या दुखण्याचे, हे ती कुणाला दाखवणार?